आमच्या गॅलरीतली प्रयोगशाळा

दिवाळीच्या आधी माणसे काय काय खरेदी करतात! कोणी पैठणी घेते, कोणी सोन्याची अंगठी, कोणी शीतकपाट. 2024 सालच्या दिवाळीला आमच्या घरी मात्र एक असे यंत्र आले की, ते पाहून शेजारच्या वहिनींनी विचारले, "नवीन शेगडी का हो?" मी म्हटले, "शेगडीच, पण ढवळणारी." त्यांनी क्षणभर माझ्याकडे पाहिले, आणि यांची तब्येत बरी आहे ना, अशा अर्थाची एक नजर आमच्या सौभाग्यवतींकडे टाकली.

यंत्राचे नाव मॅग्नेटिक स्टरर, तेही हॉटप्लेटसकट. वरती तवा, पुढे दोन खुंट्या. एका खुंटीने तवा तापतो. दुसरी फिरवली की तव्यावरच्या भांड्यातले पाणी आपोआप गरगरा फिरू लागते. पळी नाही, चमचा नाही, कोणाचा हात नाही. हे यंत्र निवडताना मी ज्या खस्ता खाल्ल्या, त्या वाचून निदान चार घरांचे पैसे वाचावेत, या हेतूने हा लेख. पण यंत्राआधी घराची हकिकत सांगायला हवी. कारण प्रश्न पैशांचा जितका होता, त्याहून अधिक तो विश्वासाचा होता.

पडदा जळाला

आमची चिमू त्या वर्षी अकरावीत होती. अकरावीतल्या मुलीला चिमू म्हणणे तिला आवडत नाही. पण तिच्या आजोबांना, म्हणजे आमच्या अण्णांना, तिचे दुसरे नाव वेळेवर आठवत नाही, म्हणून ती ते चालवून घेते. तिला वेड लागले ते वनस्पतींपासून रंग काढण्याचे. डाळिंबाच्या साली उकळून तुरटी घातलेल्या सुताला पिवळा रंग द्यायचा. त्यातच चिमूटभर हिराकस पडला की तो पिवळा रंग राखी-हिरवा होतो, हे मला प्रथम तिने दाखवले. डोंबिवलीच्या आमच्या दोन खोल्यांच्या जागेत तिने गॅलरीचा एक कोपरा बळकावला. एक जुने टेबल, चार चंचुपात्रे, परीक्षानळ्या, स्पिरिटचा दिवा. झाली प्रयोगशाळा!

गणपती गेल्यानंतरच्या रविवारी दुपारी ती हळदीचा रंग अल्कोहोलमध्ये उतरवत होती. भांडे दिव्यावर, हातात काचकांडी. एका हाताने ढवळता ढवळता दुसऱ्या हाताने तिने वहीचे पान उलटले, कांडी पात्राला लागली, आणि पात्र कलंडले. भप्पकन जाळ झाला. सुदैवाने पोरीने प्रसंगावधान राखून ओले टॉवेल टाकले. गॅलरीचा पडदा अर्धा जळाला आणि तिच्या मनगटावर रुपयाएवढा फोड आला. एवढ्यावरच निभावले.

ही स्वयंपाकघरातून धावत आली. फोडावर गार पाणी सोडले, पडदा खाली उतरवला, आणि शांतपणे म्हणाली, "प्रयोगशाळा बंद."

आम्हां डोंबिवलीकरांना 'केमिकल' हा शब्द पुस्तकातून शिकावा लागत नाही. 2016 च्या मे महिन्यात आणि पुन्हा 2024 च्या मे महिन्यात इथल्या औद्योगिक वसाहतीत जे स्फोट झाले, त्यांत माणसे गेली. दुसऱ्या वेळी आमच्या स्वयंपाकघराची काच तडकली तेव्हा ही ओट्यापाशी उभी होती. तेव्हा तिच्या त्या दोन शब्दांना उत्तर देण्याची माझी छाती झाली नाही.

न बोलण्याला आणखी एक कारण होते. 1986 साली, मी तेरा वर्षांचा असताना, लालबागच्या चाळीत माझीही एक पेटी होती. बुटांच्या खोक्यात तुरटी, मोरचूद, गंधक आणि चार काचेच्या नळ्या. एके दिवशी संध्याकाळी मी असा काही वास निर्माण केला की, मजल्यावरची मंडळी दारे उघडून बाहेर आली. अण्णांनी एक शब्दही न बोलता ते खोके उचलले आणि खाली कचऱ्याच्या पेटीत टाकले. पुढे मी कॉमर्सला गेलो आणि बँकेत लागलो. त्या खोक्याबद्दल आम्हां बापलेकांत पुढची अडतीस वर्षे एक अक्षर निघाले नाही.

चिमू दोन दिवस जेवणाच्या वेळी तेवढी दिसे. तिसऱ्या दिवशी हीच मला म्हणाली, "अहो, मी बंद म्हटलं ते ज्योतीला. मुलीला नव्हे. ज्योतीशिवाय आणि कांडी धरून तासभर उभं राहिल्याशिवाय होत असेल, तर बघा काही." बायकोने इतके स्पष्ट टेंडर काढल्यावर नवऱ्याला बाजारात उतरणे भागच होते.

पंख्याचा प्रयोग

आधी आम्ही फुकटात भागवून पाहिले. मध्यमवर्गीय घरात कोणत्याही खरेदीची ही पहिली पायरी असतेच. जुन्या संगणकातला बारा व्होल्टचा पंखा काढला, त्याच्या मध्यावर दोन छोटी चुंबके चिकटवली, वर पातळ लाकडी फळी ठेवली, फळीवर पात्र आणि पात्रात चुंबकाची कांडी. काय सांगू! पंखा सुरू होताच पाण्यात सुरेख भोवरा उठला. दीडशे रुपयांत मामला आटोपला म्हणून मी मिशीला पीळ भरला.

परंतु तापवायचे कसे? चिमूने फळी काढून पंख्यावर घरातली जुनी, बिडाच्या तव्याची विजेची शेगडी ठेवली. कांडी जागची हलेना! कारण साधे आहे. लोखंड चुंबकाचे बळ स्वतःतच ओढून घेते, ते पलीकडे जाऊच देत नाही. म्हणून स्टररचा तवा ॲल्युमिनियमचा, चिनी मातीच्या जातीचा, किंवा चुंबकाला न चिकटणाऱ्या स्टेनलेस स्टीलचा असावा लागतो. वाचकांपैकी कोणी इंडक्शनच्या शेगडीचा विचार करत असतील, तर त्यांनी तोही सोडावा. ती शेगडी धातूच्या भांड्यातच वीज खेळवून त्याला तापवते. काचेचे पात्र तिच्यावर दिवसभर ठेवले तरी थंडच राहील.

सांगायचे तात्पर्य, नुसते ढवळायचे असेल, तर पंख्याचे यंत्र घरी जरूर करा. अनुमापनासारख्या कामाला, म्हणजे थेंब थेंब सोडून रंग बदलण्याची वाट पाहायची असते तिथे, ते पुरेसे आहे. पण तापवणे आणि ढवळणे एकदम हवे असेल, तर तयार यंत्राला पर्याय नाही.

या यंत्राची कल्पना शंभर वर्षांहून जुनी आहे. 1917 साली अमेरिकेतल्या यूटा राज्यातील रिचर्ड स्ट्रिंगहॅम यांनी चुंबकाच्या साह्याने ढवळण्याचे पेटंट घेतले. 1944 साली न्यू जर्सीतील आर्थर रोझिंजर यांना मिळालेले पेटंट हे आजच्या रूपाच्या अधिक जवळचे. तव्याखाली मोटरवर एक चुंबक फिरतो आणि भांड्यातली चुंबकाची कांडी त्याच्यामागे फुगडी घालते. कांडीवर टेफ्लॉनचे आवरण असते. टेफ्लॉन 1938 साली रॉय प्लंकेट यांना दुसरेच काही शोधताना अचानक गवसले. आम्ल, अल्कली, बहुतेक कशालाच ते दाद देत नाही आणि 260 अंश सेल्सिअसपर्यंतची उष्णता सहज सोसते.

बाजारात

एका शनिवारी चिमू आणि मी गाडीने व्ही. टी.ला उतरलो. (नाव बदलले हे खरे, पण आमच्या पिढीची जीभ बदलत नाही.) तिथून चालत लोहार चाळीवरून प्रिन्सेस स्ट्रीट, म्हणजे आताचा शामळदास गांधी मार्ग. शास्त्रीय उपकरणांची दुकाने तिथे दाटीवाटीने आहेत. पहिल्याच दुकानात जर्मन यंत्राची किंमत ऐकून मी चिमूचा हात धरला आणि पायरी उतरलो. ती यंत्रे उत्तमच असतात. पाढऱ्याशुभ्र तव्याची, पाचशे अंशांपर्यंत तापणारी. पण आम्हाला पाणी सत्तर अंशांवर ठेवायचे होते. लिंबू कापायला तलवार कशाला?

इथेच पहिला धडा मिळाला: दुकानात जाण्यापूर्वी आपले काम कागदावर लिहावे. किती द्रव, किती ऊन, किती वेळ? आमचे उत्तर होते: अर्धा लिटर पाणी, सत्तर अंश, एक तास. मंजिष्ठेच्या मुळ्यांचा लाल रंग काढताना पाणी फार तापले, तर लालाऐवजी तपकिरी छटा पुढे येते. म्हणून सत्तरच्या आत राहणे महत्त्वाचे. इतके ठरल्यावर एक लिटरचे, तीनशे वॉटचे देशी यंत्र पुरे, हे उघड झाले. अर्धा लिटर पाणी तीस अंशांवरून सत्तरला न्यायला हिशेबाने पावणेपाच मिनिटे लागतात. प्रत्यक्षात हवेत आणि काचेत उष्णता जाते, म्हणून पंधरा मिनिटे धरावीत. तासाच्या कामात दहा मिनिटांची घाई कोणाला?

दुसरा धडा तव्याचा. ॲल्युमिनियमचा तवा सारखा तापतो, आपटला तरी फुटत नाही. मात्र आम्ल किंवा कॉस्टिक सांडले तर खराब होतो. सिरॅमिकचा तवा रसायनांना दाद देत नाही आणि त्याच्या पांढऱ्या पाठीवर द्रवाचा रंग झकास दिसतो. पण त्यावर जड वस्तू पडली की तडा गेलाच म्हणून समजा. आम्ही ॲल्युमिनियम घेतले आणि रंग पाहायला पात्राजवळ पांढरा कागद उभा केला.

तिसरा धडा सर्वांत मोलाचा. खुंटीवरचा आकडा तव्याचा असतो, पाण्याचा नव्हे. तवा एकशेवीसवर असताना पाणी सत्तरला असू शकते. द्रवात बुडणारी उष्णतामापकाची सळई जोडलेली यंत्रे मिळतात, ती तापमान स्वतः सांभाळतात. पण त्यांची किंमत वाढते. आम्ही तो खर्च टाळून वेगळा थर्मामीटर स्टँडला टांगला. पहिल्या दोन वेळा खुंटी मागेपुढे करावी लागली. मग तिच्यावर पेन्सिलीने खूण केली, काम झाले. ज्यांना यंत्र सोडून उठायचे असेल त्यांनी मात्र सळईचेच घ्यावे. आमच्या घरी उठून जायला बंदीच आहे.

चौथा धडा ढवळण्याचा. जाहिरातीत 'दीड हजार फेरे' असे ठळक छापतात. त्याला भुलू नये. यंत्राची परीक्षा सर्वांत कमी वेगावर होते. हलक्या हाताने खुंटी फिरवली असता कांडी अडखळत, झटके देत सुटते की सावकाश फिरू लागते, ते पाहावे. एकदम वेग दिला की चांगल्या यंत्रातही कांडी खालच्या चुंबकाची साथ सोडून पात्रात तडफडते. दाट द्रवात हे लवकर होते. आमच्या चिरंजीवीने पिशवीतून एक बाटली काढली. तिच्यात एकतारी साखरेचा पाक होता! पहिल्या यंत्रावर पाकात कांडी थबकली. दुसऱ्यावर ती संथपणे फिरत राहिली. दुकानदार म्हणाले, "तीस वर्षं दुकानात बसतोय, पाक घेऊन आलेलं गिऱ्हाईक पहिलंच." पण त्यांनी आम्हाला चहा पाजला.

पाचवा धडा उष्णतेचा आणि चुंबकाचा. चुंबक तापला की दुबळा होतो. साध्या प्रतीचा निओडिमियमचा चुंबक ऐंशी अंशांच्या पुढे बळ गमावू लागतो. अल्निकोचा पुष्कळ जास्त ऊन सोसतो. म्हणून कांडी कशाची आहे ते विचारावे, आणि यंत्र अर्धा तास गरम चालवून नंतरही ते कांडी नीट धरते का ते पाहावे. तव्याखालच्या चुंबकापर्यंत उष्णता पोचू न देण्याची व्यवस्था स्वस्त यंत्रांत कधी कधी कच्ची असते. कांडी पात्राच्या तळापेक्षा बरीच आखूड घ्यावी. सपाट तळाच्या पाव-अर्ध्या लिटरच्या पात्राला पंचवीस मिलिमीटरची चालते. गोल तळाच्या चंबूला अंड्याच्या आकाराची लागते. दोन कांड्या घ्याव्यात. एक मोरीच्या जाळीतून जातेच.

असे करता करता तीन हजार चारशे रुपयांना यंत्र ठरले. पडद्याचे कापड धरून चार हजार. दिवाळीच्या बोनसातून ते काढताना हाताला जरा कंप सुटला, हे कबूल करतो.

अण्णांचा प्रश्न

यंत्र घरी आले. चिमूने खोके उघडले. ही दारात उभी. अण्णा खुर्चीत, चौऱ्याऐंशी वर्षांचे, डोळे मिटून. मी प्लग लावणार, तोच ते म्हणाले, "थांब. अर्थ बघितलास?"

मी म्हटले, "तीन पायांचा प्लग आहे, अण्णा."

"पाय तीन असतील. आत वायर जोडलीय का? पाणी आणि वीज शेजारी बसायची आहेत. खालच्या वायरमनला बोलव."

वायरमनने मीटर लावला. एक टोक प्लगच्या जाड पायाला, दुसरे तव्याच्या उघड्या धातूला. मीटर मुका! तळाचे झाकण उघडले तर अर्थची हिरवी तार स्क्रूखाली दाबलेलीच नव्हती, नुसती लोंबत होती. आतला एखादा तापलेला धागा तव्याला टेकता, तर वीज तव्यावर उतरली असती, आणि ओल्या हाताची चिमू त्या तव्यापाशी. सोमवारी यंत्र परत नेले. दुकानदारांनी तक्रार न करता दुसरे दिले, आणि ते आम्ही तिथेच मीटर लावून तपासून घेतले. वाचकहो, या लेखातले बाकी सारे विसरलात तरी चालेल. एवढे विसरू नका.

त्या रात्री मी अण्णांना विचारले, "तुम्हाला हे कसं सुचलं?"

ते बराच वेळ गप्प राहिले. मग म्हणाले, "मी गिरणीत रंगखात्यात जॉबर होतो. संप होईपर्यंत, ब्याऐंशीपर्यंत. माझ्या हाताखाली एक पोर होतं. नवीनच लागलेलं. कॉस्टिकचं भांडं उचलताना त्याच्या तोंडावर उडालं. एक डोळा गेला. त्याला शिकवायचं काम माझं होतं. मी घाईत होतो." थोडे थांबून म्हणाले, "तुझं खोकं मी फेकलं ते रागानं नाही. तुला शिकवायला हवं होतं, ते मला जमलं नाही. फेकणं जमलं."

मी काही बोललो नाही. बोलण्यासारखे काही नव्हते, आणि अडतीस वर्षांनी उत्तर मिळाल्यावर बोलण्याची तशी गरजही नव्हती.

गॅलरीचे कायदे

दुसऱ्या दिवशी अण्णा, ही आणि चिमू अशी त्रिसदस्य समिती बसली आणि तिने कायदे केले. ते कागदावर लिहून गॅलरीत लावले आहेत. पहिला: अल्कोहोल, ईथर, पेट्रोल यांपैकी काहीही या तव्याच्या जवळ येणार नाही. ज्योत नाही म्हणजे आग नाही, हा समज खोटा आहे. अल्कोहोलची वाफ आपल्याकडच्या हिवाळ्यातसुद्धा पेटण्याइतकी साचते आणि तव्याची चालू-बंद होणारी कळ, मोटरचे ब्रश यांतून ठिणगी उडू शकते. ईथरच्या वाफेला तर नुसता तापलेला तवा पुरतो. दुसरा: डोळ्यांवर चष्मा, प्रत्येक वेळी. हा अण्णांचा. तिसरा: पात्रे बोरोसिलिकेट काचेचीच, आणि प्रयोगशाळेतले भांडे स्वयंपाकघरात येणार नाही, स्वयंपाकघरातले तिथे जाणार नाही. हा हिचा. चौथा: यंत्र चालू असताना कोणीतरी मोठे माणूस गॅलरीत बसेल. यासाठी अण्णांची खुर्ची तिथे हलवण्यात आली.

धनत्रयोदशीच्या दुपारी मंजिष्ठा भिजवून ठेवली होती. तिचा अर्क एक तास सत्तरच्या आत फिरत राहिला. चिमू समोर स्टुलावर बसून वही लिहीत होती, दोन्ही हात मोकळे. अर्क गाळल्यावर तुरटी दिलेल्या सुताची एक लहान लडी तिने काचेच्या कांडीवरून पात्रात अशी सोडली की, ती खालच्या फिरत्या चुंबकाला लागू नये. (मोठे कापड असेल तर चुंबक त्यात गुरफटतो, तिथे हातच हवा.) संध्याकाळी लडी बाहेर आली, धुतली, वाळली.

चिमूने ती आजोबांच्या हातात दिली. अण्णा उठून उजेडात गेले. लडी उकलली, आतले पदर वेगळे केले, एकेक धागा खिडकीकडे धरून पाहिला. चाळीस वर्षांपूर्वी ते खात्यात असेच पाहत असतील. मग लडी परत पिळून तिच्या हातात ठेवत म्हणाले, "आतपर्यंत एकसारखा चढलाय."

ही आतून पणत्यांचे तबक घेऊन आली होती. तिने एक पणती उचलली, गॅलरीच्या कठड्याकडे हात नेला, क्षणभर टेबलाकडे पाहिले, आणि ती पणती दुसऱ्या टोकाला, खिडकीच्या कोनाड्यात ठेवली. "इथे ज्योत नको," ती म्हणाली, "कायदा आहे."